तारण काय देणार?

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. नागपुरात सकाळी अंगणात चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका लहानशा गावातून मुलीचा आवाज आला.

"काकाजी, बँकेत पैसे जास्त दिसून राहिले. अन् गावात लोक म्हणतात का म्या पैसे खाल्ले."

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून चहा खाली ठेवावाच लागतो. पैसे कमी पडले म्हणून कुणावर आळ आला, हे मी आयुष्यभर पाहिले. पैसे जास्त आहेत आणि तरीही ते खाल्ल्याचा आळ आहे, ही तऱ्हा माझ्यासाठी नवी होती. मी म्हटले, "पोरी, एकही कागद फाडू नकोस, काही खोडू नकोस. मी येतो."

ती मुलगी त्या गावच्या ग्रामसभेचा हिशेब ठेवते. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. म्हणजे गावाभोवतीच्या जंगलातला बांबू, तेंदूपत्ता, मोह, हिरडा हे सारे गोळा करणे, विकणे आणि जंगलाची राखण करणे हा ग्रामसभेचा अधिकार आहे. वर्षाला काही लाखांची उलाढाल होते. ती सारी या बारावी शिकलेल्या, बावीस वर्षांच्या मुलीच्या चार वह्यांत मावलेली असते. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या एकाच गावाचे नाही.

पण आधी मला माझ्या एका जुन्या चुकीकडे जावे लागेल.

पहिली भेट

१९८९ साली मी याच भागातल्या एका शाखेत शेती अधिकारी म्हणून रुजू झालो. वय एकोणतीस. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला होता आणि 'तिकडे बदली' हा शब्द बँकेत शिक्षेसारखा वापरला जाई. वडशाला रेल्वेतून उतरायचे, मग एस.टी.च्या लाल गाडीत बसून धूळ खात शाखा गाठायची. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी, एक कंदील आणि आम्ही चौघे.

एके दिवशी दोन गोंड वृद्ध आले. कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड. ती त्यांनी अदबीने दाराबाहेर टेकवून ठेवली. त्यांना कर्ज हवे होते. गावातली वीस-बावीस घरे मिळून बांबूची तट्टे, सुपे, टोपल्या विणणार होती आणि वडशाच्या व्यापाऱ्याला एकदम माल देणार होती. मधल्या काळात घरे चालवायला थोडे पैसे हवे होते. बेत अगदी साधा आणि शहाणपणाचा होता. मी मात्र पुस्तकातला प्रश्न विचारला.

"तारण काय देणार?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आपसात गोंडीत दोन शब्द बोलले. मग त्यातला थोरला हात लांब करून खिडकीबाहेर दाखवत म्हणाला, "जंगल आहे ना जी."

आम्ही चौघेही हसलो. मी त्यांना समजावून सांगितले, की बाबाजी, जंगल तुमचे नाही, सरकारचे आहे. दुसऱ्याची वस्तू गहाण ठेवता येत नाही. थोरल्याने शांतपणे विचारले, "सरकारनं लावलं का जी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अर्ज मात्र नामंजूर करायला उत्तराची गरज नसते. त्यावर 'तारण अपुरे' असा शेरा मारून मी मोकळा झालो.

कायद्याने माझे काही चुकले नव्हते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातलेला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते, कायदा त्याला झाड म्हणत होता. झाड म्हटले की ते वन खात्याचे. तेव्हा या भागातली बांबूची जंगले दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्यासाठी तोडली जात. गावकऱ्यांना निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजेपुरता, हक्क होता. तोही अनेकदा कागदावरच राही. दारात उभा असलेला बांबू कारखान्याला ज्या दराने जाई, त्या दराने बुरडाला मिळत नसे. हे सारे मी रोज पाहत होतो आणि तरीही 'जंगल आहे ना जी' या उत्तराला हसलो होतो.

चोरीचा माल मालकीचा झाला

ते उत्तर खरे ठरायला वीस वर्षे लागली. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात गौण वनोपजाच्या यादीत बांबूचा स्पष्ट उल्लेख आला आणि ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाच्या परंपरेने चालत आलेल्या सीमेतल्या जंगलाची राखण आणि व्यवस्था करण्याचा सामूहिक हक्कही मिळाला.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचे नाव आता अनेकांना ठाऊक आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाने फार आधीच दिली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीने हे गाव वर्षानुवर्षे अभ्यासगटात बसून कायदा शिकले. कोणताही निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचा ही त्यांची रीत. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

पण हक्काचा कागद हाती आला म्हणून बांबूचा ट्रक रस्त्यावर जात नाही. त्याला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचे पुस्तक वन खात्याच्या कपाटात होते. खाते म्हणत होते, बांबू म्हणजे झाड. गाव म्हणत होते, कायदा वाचा. या वादात जवळजवळ दोन वर्षे गेली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला गेले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे २०१२ साली नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तोवर जो माल 'चोरीचा' ठरत होता, तो मालकीचा झाला.

वृत्तपत्रांत आपण एवढेच वाचतो आणि पान उलटतो. लढा संपला, गाव जिंकले. माझ्या बँकेतल्या अनुभवाने मला शिकवले आहे, की कर्ज मंजूर होते त्या दिवशी धंदा सुरू होतो, यशस्वी होत नाही. हक्काचेही तसेच आहे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसापासून.

पंधरा दिवसांचा बाजार

तेंदूपत्त्याचा धंदा मी पुन्हा जवळून पाहिला तो निवृत्तीनंतर, एका कादंबरीच्या निमित्ताने त्या भागात हिंडत असताना. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तेंदूची झुडपे छाटतात. मग नवी, कोवळी, लालसर पाने फुटतात. मे महिन्यात, पाऊस पडण्याच्या आत, साधारण पंधरा दिवसांत सारी तोडणी उरकते. पहाटे तीन-चार वाजता घरची माणसे जंगलात शिरतात. अकराच्या सुमारास डोक्यावर गाठोडी घेऊन परततात. मग सावलीत बसून आजीपासून नातवापर्यंत सारे पाने जुळवत बसतात. आपल्या राज्यात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे गोळा करण्याच्या जागी, कंत्राटदाराचा दिवाणजी मोजून घेतो. पुडे उन्हात ओळीने वाळत घालतात. त्या दिवसांत आभाळात ढग आला की अख्खे गाव वर बघते.

पूर्वी हा लिलाव वन खाते करी. आता पेसा कायदा आणि वनहक्क कायदा यांच्या जोरावर अनेक ग्रामसभा स्वतः करतात. मजुरी घरांना आणि वर जो स्वामित्वाचा पैसा, ज्याला सारे रॉयल्टी म्हणतात, तो ग्रामसभेला. त्यातला काही भाग घरांना बोनस म्हणून वाटतात, काही गावासाठी ठेवतात. २०१७ च्या मोसमात या जिल्ह्यात तेंदूला न भूतो असा भाव आला. कित्येक घरांत पहिल्यांदाच एकरकमी मोठे पैसे दिसले. मोटारसायकली आल्या, पत्रे बदलले, पोरे शिकायला गेली. आणि लगेच पुढच्या वर्षी भाव कोसळला. १ जुलै २०१७ पासून तेंदूपानावर अठरा टक्के आणि विडीवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला होता. आदल्या वर्षी चढ्या बोलीने हात पोळलेले कंत्राटदार लिलावाकडे फिरकेनात. काहींनी आदल्या मोसमाचे पैसेही थकवले.

आता २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पानावरचा कर पाच टक्क्यांवर आला आणि विडीवरचा अठरा टक्क्यांवर आणण्याचे ठरले. ठीक झाले. पण गावाच्या बाजूने विचार करून पाहा. वर्षातून पंधरा दिवसांचा बाजार, टिकून न राहणारा माल, मूठभर खरेदीदार, आणि भाव ठरतो तो जंगलातल्या कुणाला ठाऊकही नसलेल्या एका बैठकीत. शेतकऱ्याला निदान दुसऱ्या पिकाचा विचार करता येतो. इथे पान तोडले नाही तर ते नुसते जून होऊन जाते.

कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, ती याच अनुभवातून. एकटे गाव कंत्राटदारासमोर बसले तर ते याचक असते, नव्वद गावे बसली तर तो व्यवहार होतो. करारनामा एकत्र, अटी एकत्र, थकवणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक. आमच्या बँकेत थकबाकीदारांची यादी असे, तसेच हे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाने आणखी वेगळाच मार्ग धरला. २०१२ साली हक्क मिळाल्यावर गावाने बसून ठरवले, की तेंदूपत्ता तोडायचाच नाही. पानासाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि शेवटी त्या पानाची विडी माणसाच्या फुप्फुसात जाते. हाती येणारा पैसा सोडून गावाने बांबूवर भर दिला. माझ्यातला बँक अधिकारी हे ऐकून दचकला होता, कारण उत्पन्नाचा एक मार्ग आपणहून बंद करणारा कर्जदार मी पाहिला नव्हता. माझ्यातला लेखक मात्र त्या निर्णयाला मनोमन नमस्कार करून मोकळा झाला.

बँकेच्या खिडकीतून

बांबूचा हिशेब वेगळा. मानवेलाच्या बेटात दरवर्षी नवे कोंब येतात. आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी पावसाळ्यात घरोघर होते. कोवळे बांबू तोडायचे नाहीत, तीन वर्षांचे झाले की काढायचे. बेटाला आधार म्हणून काही जुने राखायचे, आणि तोड जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर नीट घ्यायची, म्हणजे पाणी साचून बेट कुजत नाही. एवढे पाळले तर बेट वर्षानुवर्षे देत राहते. हे शहाणपण गावाला शिकवावे लागत नाही. अडचण निराळीच आहे.

तोडणी सुरू झाली की मजुरी आठवड्याला द्यावी लागते. घरात मीठ-तेल संपते ते आठवड्याच्या बाजाराला. खरेदीदार मात्र पैसे देतो माल उचलल्यावर, कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. या मधल्या काळासाठी जो पैसा लागतो त्याला आम्ही खेळते भांडवल म्हणतो. साध्या किराणा दुकानदारालाही बँक ते कॅश क्रेडिट म्हणून देते. ग्रामसभेला कोण देणार? कुणीच नाही. मग खरेदीदारच उचल देतो, आणि ज्याने उचल दिली तोच भाव ठरवतो. हक्क गावाचा, पण किल्ली पुन्हा त्याच माणसाच्या खिशात.

बँक का देत नाही? तिथे माझा १९८९ चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही, कुणाला हस्तांतरित करता येत नाही. म्हणजेच गहाणही ठेवता येत नाही. हे कलम अत्यंत योग्य आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. ते नसते तर दहा वर्षांत अर्धे जंगल सावकारांच्या आणि खाणवाल्यांच्या नावावर गेले असते. परंतु त्यामुळे बँकेच्या लेखी ग्रामसभा म्हणजे १८०० हेक्टरचा कारभारी असलेला, पण हाती काहीच नसलेला इसम.

शिवाय हा कर्जदार नेमका आहे तरी कोण, हेही मॅनेजरला कळत नाही. ती कंपनी नाही, सहकारी संस्था नाही, ट्रस्ट नाही. गावातला प्रत्येक प्रौढ माणूस म्हणजे ग्रामसभा. खाते उघडायला गेले की सरपंचाची सही मागतात, कारण ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांतला फरक फॉर्मवर छापलेला नसतो. सह्या करणारे बदलले की ठराव, ठरावाची प्रत, प्रतीवर शिक्का. ज्या शाखेत हे करायचे ती वीस-पंचवीस किलोमीटरवर, आणि एका खेपेत काम झाले असे सहसा होत नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून गेलेला माणूस तीनदा परत येतो आणि चौथ्यांदा जात नाही.

यावर उपाय नाहीच असे कुणी म्हणेल, तर त्याला मी १९९२ ची आठवण करून देईन. त्या वर्षी नाबार्डने पाचशे बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. विनातारण कर्ज, नोंदणी नसलेल्या गटाला, आणि तेही निरक्षर बायकांच्या! आमच्या शाखेत परिपत्रक आले तेव्हा चहाच्या वेळी त्याची चेष्टा झाली होती, आणि चेष्टा करणाऱ्यांत मी होतो. पुढे काय झाले ते आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना विचारा. त्या बायकांनी परतफेड अशी केली, की तारण देणारे मोठे कर्जदार लाजावेत. बँकेने तेव्हा मालमत्तेऐवजी माणसांची एकमेकांवरची जरब आणि भरवसा हे तारण मानले. मग ज्या ग्रामसभेकडे पाच वर्षांचे विक्रीचे करार आहेत, मोजलेला माल आहे, बँकेतून झालेली मजुरी आहे, तिला त्या नोंदींवर एका मोसमापुरते कर्ज का मिळू नये?

पण त्यासाठी नोंदी हव्यात. आणि त्या चोख हव्यात. इथे मी पुन्हा त्या मुलीकडे येतो.

दोन रात्री आणि चार वह्या

गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. जोहार झाला, पाणी आले. पण नेहमीसारखे कुणी जवळ येऊन बसले नाही. घराच्या ओसरीवर ती वह्या मांडून बसली होती. डोळे सुजलेले. आई आत चुलीपाशी, तिने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

प्रकरण असे होते. तेंदूच्या बोनसचे पैसे तिने समितीच्या सह्या घेऊन बँकेतून घरोघरच्या खात्यांत पाठवले होते. वहीत प्रत्येक नावापुढे 'दिले' असे लिहिलेले. सात घरे म्हणत होती, आम्हाला मिळाले नाहीत. त्यांची पासबुके कोरी. या सातही घरांतली माणसे वयस्क, दोन तर विधवा. "वहीत दिले अन् हातात नाही, मंग गेले कोठी?" हा प्रश्न कुणालाही पडेल. इकडे तिला मोबाइलवर संदेश आला त्यात शिल्लक तिच्या वहीपेक्षा ३८,४५० रुपयांनी जास्त. तिने ते सांगितले, तर लोक म्हणाले, ते दुसरेच पैसे असतील. ग्रामसभेचे पासबुक तीन महिने भरलेले नव्हते, कारण शाखेतले छपाईचे यंत्र बंद होते.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री आम्ही वह्या लावल्या. मधल्या दिवशी मी तिला आणि समितीच्या दोघांना घेऊन शाखेत गेलो आणि खातेउतारा कागदावर मागून घेतला. तिथला तरुण मॅनेजर भला होता, पण त्याच्या टेबलावर तीन माणसांचे काम होते. उताऱ्यात सात नोंदी सापडल्या. सात रकमा गेल्या होत्या आणि सातही परत आल्या होत्या. कारण त्या सात जणांची खाती दीर्घकाळ व्यवहार नसल्याने आणि कागदपत्रे नव्याने न दिल्याने बंद पडलेली. बेरीज केली. बरोबर ३८,४५०.

म्हाताऱ्या माणसांना आपले खाते बंद पडल्याचे कुणी सांगितले नव्हते. मुलीला पैसे परत आल्याचे कुणी सांगितले नव्हते. यंत्राने आपले काम चोख केले होते आणि त्या चोखपणात एका मुलीची अब्रू तीन आठवडे टांगली गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा भरली. गोटुलाच्या अंगणात सारे गोल बसले. मी उतारा हातात घेऊन उभा राहिलो, तर ती म्हणाली, "काकाजी, तुमी बसा. मीच सांगतो." त्या भागात मुलीही 'सांगतो' म्हणतात. तिने सात नावे वाचली, सात तारखा वाचल्या. एका म्हातारीने विचारले, "मंग माह्ये पैसे हाहेत ना वो?" "हाहेत आजी." बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ज्याने सर्वांत मोठ्याने आरोप केला होता तो माणूस उठला, म्हणाला, आमची चूक झाली. आणि खाली बसला. इतकेच.

मी मनात म्हटले, चला, मिटले. पण ती पुढे बोलली. "पैसे सापडले. पन आता मी ही वही ठेवनार नाही. दुसरं कोनी पाहा."

कारभार कुणी करायचा

ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. ग्रामसभा तिला महिन्याला जे मानधन देते त्यात तिचा मोबाइल आणि एस.टी.चे भाडे निघते. नोकरी लागली तर घर उभे राहील. तिला 'गावासाठी थांब' असे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. माझा स्वतःचा मुलगा बंगळूरला आहे.

सामूहिक वनव्यवसायांपुढची सर्वांत कठीण अडचण मला इथे दिसते. कायदा मिळवता येतो, बाजारही शोधता येतो. पण दर आठवड्याला संध्याकाळी बसून, शिव्या खाऊन, सर्वांचा पैसा मोजणारा माणूस कुठून आणायचा? आणि जो मोजायला बसेल तोच पुढे मालक झाला तर?

हा धोका आपण महाराष्ट्राने आधी पाहिलेला आहे. १९४७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. कूप कंत्राटदाराला न देता तोडणाऱ्या आदिवासींच्या सोसायटीला द्यायचे, ही कल्पना उदात्त होती. पहिल्या काळात त्यांनी चांगले कामही केले. पण पुढे अनेक ठिकाणी सभासद आदिवासी आणि कारभार दुसऱ्याचा, असे झाले. अंगठे सभासदांचे, वह्या भलत्याच्या. समोरच्या दाराने घालवलेला कंत्राटदार मागच्या दाराने चिटणीस होऊन आला. हिशेब ज्याला कळत नाही त्याची मालकी नावापुरती राहते, हा त्याचा धडा.

साता समुद्रापलीकडे, मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या डोंगरी गावांची कथा तर आपल्याच कथेची जुळी बहीण शोभेल. १९५६ साली तिथली जंगले पंचवीस वर्षांसाठी एका कागद कारखान्याला दिली गेली. मुदत संपत आली तेव्हा, १९८० च्या सुमारास, गावांनी एकजूट करून मुदतवाढ रोखली. आज त्यांतले इख्स्त्लान दे ह्वारेस हे गाव स्वतःची आरागिरणी आणि फर्निचरचा कारखाना चालवते. मालकी गावसभेची, पण रोजचा कारभार शिकलेली, पगारी माणसे पाहतात, आणि ती गावसभेला जाब देतात. फुकट राबण्याला सेवा म्हणायचे आणि मग चूक झाली की चोर म्हणायचे, यातून त्यांनी काही अंशी सुटका करून घेतली.

आपल्याकडेही मार्ग दिसतात. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या छोट्या गावाने उजाड झालेले दोनशे हेक्टरच्या आतले जंगल राखून वाढवले. तिथली सीताफळे गावाने थेट मुंबईच्या बाजारात नेली, आणि २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जंगल मोठे असावे लागतेच असे नाही. एक फळ, एक खरेदीदार, एक नीट ठेवलेली वही, एवढ्यावरही सुरुवात होते.

मला विचाराल तर ग्रामसभेने विक्रीतला ठरावीक वाटा हिशेब ठेवणाऱ्यासाठी आधी बाजूला काढावा, बोनस मग वाटावा. वही एकाच्या हाती न ठेवता तिघांना शिकवावी, त्यात दोन बायका असाव्यात. महिन्यातून एकदा ती सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षकांनी, बँकवाल्यांनी वर्षातून आठ दिवस द्यावेत. आम्हाला निवृत्तिवेतन मिळते, सकाळी फिरायला जातो, आणि देशाचे काही खरे नाही म्हणून सुस्कारे सोडतो. त्यातले आठ दिवस.

सप्टेंबरात मी पुन्हा गेलो. ती मुलगी भेटली. भरतीचा निकाल लागायचा होता. तिने वही सोडली होती, पण सोडताना एक मुलगा आणि दोन बायका अशा तिघांना शिकवायला घेतले होते. ओसरीवर बसून ती त्यातल्या एका बाईला नावे आणि जमेची बाजू दाखवत होती. बाई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. बोट ओळीवर ठेवून ती सावकाश वाचत होती, आणि प्रत्येक बेरीज दोनदा करत होती.

त्याच खेपेला आम्ही सारे मिळून बँकेसाठी एक अर्ज लिहिला. बांबूच्या मोसमात मजुरी वेळेवर देता यावी म्हणून चार महिन्यांसाठी कर्ज मिळावे. सोबत पाच वर्षांच्या विक्रीचे करार, मजुरीचे उतारे आणि ग्रामसभेचा ठराव जोडला. छापील अर्जात एक रकाना होता : 'तारणाचा तपशील'. माझ्याकडे सारे पाहू लागले.

मी पेन खाली ठेवले आणि विचारले, काय लिहायचे? म्हाताऱ्यांपैकी एक जण जंगलाकडे हात करणार असे मला वाटले. पण ती वही शिकणारी बाई म्हणाली, "लिवा ना जी, वही आहे म्हणून."

तसेच लिहिले आहे. अर्ज शाखेत दिला, पोच घेतली. मॅनेजरने तो वरच्या कचेरीत पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. १९८९ साली उत्तर द्यायला मी एक दिवसही घेतला नव्हता. त्यामुळे थोडा उशीर होतो आहे, हे मला चांगलेच लक्षण वाटते.